मोहरीची बरणी

आधी थंडी पडू द्यावी.
केलच्या कुरळ्या पानांना एक रात्र तरी
गारठा कडकडून चावला पाहिजे,
त्याशिवाय ती गोड होत नाहीत.
ऑक्टोबरातच तोडणाऱ्यांना खेसिन म्हणायची,
"घाई केलीत, आता कडू खा."

बटाटे भुसभुशीत जातीचे, सोलून तळाशी,
वर चिरलेली पानं, पातेलं गळ्यापर्यंत.
पाणी बेताचं. मग लाकडी घोटण्यानं
खांद्यातला जोर उतरवत घोटायचं,
पण पार गुळगुळीत नाही.
एखादी गुठळी दाताखाली यावी,
कुणीतरी राबलंय हे जिभेला कळावं.
याला आमच्याकडे स्टाम्पपॉट म्हणतात.

सॉसेज, धुरावलेलं, रोकवॉर्स्ट, उकळायचं नाही.
पाण्याला उकळी आली की आच बंद,
मग त्यात ते सोडायचं, वर झाकण,
आणि पाव तास कुणाशी तरी बोलत बसायचं.
पुन्हा सांगते, उकळायचं नाही.
फुटतं. सगळा धूर, सगळी चरबी पाण्याला जाते.

त्या वर्षी ड्रेन्थमधला कालवा जानेवारीत गोठला.
आमचा पडाव ओल्थोफच्या लॉकपाशी अडकला,
पोटात विटा,
मागे पांढऱ्या अक्षरांत नाव: दोन भाऊ.
दोन भाऊ म्हणजे माझे वडील आणि हिंड्रिक काका,
सात आठवडे एकमेकांशी न बोललेले.
एक सुकाणूपाशी, दुसरा पार पुढे नाळेवर,
मधे मी, नऊ वर्षांची,
निरोप इकडून तिकडे नेणारी.
"त्याला सांग, दोर ओला आहे."
"त्याला सांग, मला दिसतंय."

तिसऱ्या दिवशी खेसिननं जेवायला बोलावलं.
बेरेंट, तिचा नवरा, लॉकची दारं राखायचा.
सध्या राखायला नुसता बर्फ होता.
टेबलावर ताटं नव्हतीच.
एकच पातेलं मधोमध, भोवती पाच काटे,
प्रत्येकानं आपल्या समोरून खात आत यायचं
ही त्या घरची जुनी रीत.
बेरेंटनं पळीच्या पाठीनं मधे आळं केलं,
चांगलं रुंद, कडा चोपून चोपून,
चाळीस वर्षं पाणी अडवलेल्या माणसाचं आळं.
खेसिननं त्यात रस्सा ओतला,
तपकिरी, लोण्याची नाणी तरंगणारा,
आणि वर आख्खं सॉसेज ठेवलं घोड्याच्या नालेसारखं,
एक टोक वडिलांकडे, एक काकाकडे.

जेवलो. नुसते काटे वाजत होते.
वडिलांच्या बाजूचा बांध आधी पातळ झाला,
मग काकाच्या,
आणि रस्सा फुटला, कुणाकडे ते आता आठवत नाही.
बेरेंट ओरडला, "दारं उघडली!"
कुणी हसलं नाही. मी हसले, थोडीशी.

मग काका म्हणाला, "मोहरी."
कुणाकडेच न बघता.
मी सवयीनं बरणीकडे हात नेला,
तर टेबलाखालून माझ्या नडगीवर
खेसिनची जाड मोज्यातली टाच बसली.
बरणी वडिलांपाशी होती.
त्यांनी झाकण काढलं, चमचा आत ठेवला,
आणि सरकवली.
"तिखट आहे," ते म्हणाले.

एवढंच. बर्फ पुढे अकरा दिवस होता.
भांडण विटांच्या हिशेबाचं होतं,
ते मिटलं की नाही
मला कधी कुणी सांगितलं नाही.

तर, वाढताना.
ताटं घ्या हवी तर, हल्ली सगळेच घेतात.
आळं करा, पण रस्सा काठापर्यंत नको.
बाजूला लोणच्यातल्या छोट्या काकड्या.
मोहरी भरडलेली, बरणी एकच,
आणि ती लांब ठेवा, मागावी लागेल इतकी लांब.
सॉसेजची दोन टोकं एका दोऱ्यानं बांधलेली असतात,
तो दोरा वाढण्याआधी कापायचा असतो.
खेसिननं त्या दिवशी कापला नव्हता.
वडिलांनी काटा खुपसला की काकाकडचं टोक हलायचं.

विसरली असेल.